सप्लाय चेनवर कंपनीसोबत फायनल इयर प्रोजेक्ट कसा करायचा? लकडगंजच्या लाकूडबाजाराच्या उदाहरणासह पूर्ण माहिती

इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष असो, एमबीए असो की एमटेक, प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली की "सप्लाय चेन घेऊ, सोपं आहे" असं कोणीतरी म्हणतंच. मग इंटरनेटवरून एक डेटासेट डाउनलोड होतो, त्यावर मशीन लर्निंगचं एक मॉडेल चालवलं जातं, ९५ टक्के अ‍ॅक्युरसीचा आलेख छापला जातो आणि रिपोर्ट कपाटात जातो. तो डेटा कुठल्या गोदामाचा होता, हे कोणालाच माहीत नसतं.

याला दुसरा पर्याय आहे. आपल्याच शहरातल्या एखाद्या खऱ्या कंपनीचा किंवा पेढीचा खरा प्रश्न घ्यायचा. यात मेहनत जास्त लागते, पण इंटरव्ह्यूमध्ये सांगण्यासारखं काहीतरी हातात राहतं. शिवाय समोरच्या व्यापाऱ्याचा पैसा, त्याची गिऱ्हाइकं आणि त्याच्याकडे काम करणारी माणसं यांच्याशी तुमच्या रिपोर्टचा संबंध येतो. म्हणून हे काम नीट कसं करायचं, ते टप्प्याटप्प्याने बघू. उदाहरणासाठी नागपूरचं लकडगंज घेतलंय.

## सप्लाय चेन प्रोजेक्ट म्हणजे नक्की काय?

माल जिथे तयार होतो तिथून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंतची सगळी साखळी म्हणजे सप्लाय चेन. या साखळीत तीन गोष्टी वाहत असतात: माल, पैसा आणि माहिती. प्रोजेक्टमध्ये यातला एक छोटा तुकडा उचलायचा, तिथे काय अडतंय ते मोजायचं आणि सुधारणा सुचवायची.

बाहेर ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सप्लाय चेनच्या मास्टर्स विद्यार्थ्यांना कंपनीसोबत कॅपस्टोन प्रोजेक्ट करावा लागतो. कंपनी प्रश्न आणि डेटा देते, विद्यार्थी उत्तर शोधतात. यातले पुष्कळ रिपोर्ट एमआयटीच्या ऑनलाइन संग्रहात कोणालाही वाचता येतात आणि कित्येक ठिकाणी कंपनीचं नाव लपवलेलं असतं. विषय ठरवण्याआधी असे दोन-तीन रिपोर्ट चाळा. प्रश्न किती छोटा ठेवतात, ते कळेल.

आपल्याकडेही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट मिळतात. त्यामुळे "कंपनीत जाऊन काम करायचंय" म्हटलं की कॉलेजने नाही म्हणायचं कारण उरलेलं नाही.

## लकडगंजच का?

नावातच उत्तर आहे: लाकडाचा गंज, म्हणजे बाजार. पूर्व नागपुरातल्या या भागात लाकडाच्या वखारी, आरा मशीन, प्लायवूड आणि हार्डवेअरची दुकानं एकमेकांना लागून आहेत. महापालिकेच्या १० झोनपैकी एकाचं नावही लकडगंज आहे. शेजारी इतवारीचा धान्य-किराण्याचा ठोक बाजार आणि पुढे कळमन्याचं मार्केट यार्ड. मेट्रोची अ‍ॅक्वा लाइनही याच बाजूने प्रजापती नगरपर्यंत जाते, त्यामुळे व्हीएनआयटीचे असोत की दुसऱ्या कॉलेजचे, विद्यार्थ्यांना इथे पोचणं अवघड नाही.

सप्लाय चेनच्या नजरेतून हा बाजार भारी आहे, कारण एकाच गल्लीत तीन वेगळ्या साखळ्या दिसतात:

- जंगलातून येणारं सागवान. चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातला साग सगळ्या देशात नावाजलेला आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं आणि अयोध्येच्या राम मंदिरासाठी बल्लारपूरहून. सरकारी लाकूड लिलावात विकलं जातं. महाराष्ट्र वनविकास महामंडळाची स्थापना १९७४ची आणि मुख्यालय नागपुरातच आहे.
- परदेशी लाकूड. हे समुद्रमार्गे कांडला किंवा न्हावाशेवासारख्या बंदरावर उतरतं आणि तिथून रस्त्याने किंवा रेल्वेने पुढे येतं. ऑर्डर आणि माल हातात पडणं यात महिने जाऊ शकतात.
- कारखान्यातलं प्लायवूड. यात जाडी, साइज आणि ब्रँड ठरलेले असतात. डिस्ट्रिब्युटर ठराविक दिवसांत माल देतो.

पहिल्या साखळीत माल लिलावाच्या तारखेवर अवलंबून, दुसरीत जहाजावर, तिसरीत डिस्ट्रिब्युटरच्या गाडीवर. तिन्हींना एकच फॉर्म्युला लावला की प्रोजेक्ट तिथेच चुकतो.

## मोठी कंपनी की छोटी पेढी?

मोठी कंपनी म्हणजे बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतला कारखाना किंवा मिहानमधलं एखादं वेअरहाउस. तिथे डेटा सॉफ्टवेअरमध्ये तयार असतो. पण परवानगी एचआर, लीगल आणि आयटी अशा तीन टेबलांवरून फिरते. ती मिळेपर्यंत अर्धं सेमिस्टर गेलेलं असतं.

छोट्या पेढीत परवानगी एका चहावर मिळते, कारण निर्णय घेणारे सेठजी समोरच बसलेले असतात. अडचण डेटाची असते. विक्री टॅलीमध्ये, उधारी वहीत, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि माल कुठल्या रांगेत पडलाय ते जुन्या मुनीमजींच्या डोक्यात.

सहा महिन्यांचा प्रोजेक्ट असेल तर छोटी पेढी घ्या. वर्षभर वेळ असेल आणि कॉलेजचा कंपनीशी आधीच करार असेल, तर मोठ्या कंपनीचा विचार करा.

पहिल्या भेटीत "आम्हाला तुमचा डेटा पाहिजे" असं म्हणू नका. "सेठजी, कोणता माल वेळेवर न मिळाल्याने गिऱ्हाईक परत जातं?" असं विचारा. याचं उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळतं, आणि तोच तुमचा विषय असतो.

## प्रश्न किती छोटा असावा?

"लकडगंजच्या लाकूडबाजाराची सप्लाय चेन ऑप्टिमाइझ करणे" हा विषय पीएचडीलाही मोठा आहे. खाली जमण्यासारखे विषय बघा:

१. एका दुकानातल्या सर्वाधिक विक्रीच्या २० प्रकारच्या प्लायवूड शीट्ससाठी ऑर्डर कधी आणि किती द्यायची?
२. दिवसभरात एका छोट्या हत्तीने १२ ठिकाणी माल द्यायचा असेल, तर क्रम कसा लावायचा?
३. आरा मशीनवर एका ओंडक्यातून किती टक्के वापरण्याजोगं लाकूड निघतं आणि कापणीचा क्रम बदलला तर फरक पडतो का?
४. गाडी वखारीच्या दारात आल्यापासून रिकामी होईपर्यंत वेळ नेमका कुठे जातो?

चौथ्या विषयाला तर सुरुवातीला फक्त फोनचं स्टॉपवॉच आणि गुगल शीट लागते.

## डेटा कुठून मिळतो आणि कुठे फसवतो?

टॅली किंवा बिलिंग सॉफ्टवेअर. विक्रीच्या नोंदी एक्सेलमध्ये काढता येतात. लक्षात ठेवा, ही विक्री आहे, मागणी नाही. माल संपला म्हणून परत गेलेलं गिऱ्हाईक यात दिसत नाही. त्यासाठी काउंटरवर एक कागद ठेवा आणि "मागितलं, पण नव्हतं" अशा नोंदी महिनाभर करा. पूर्ण प्रोजेक्टमधला सगळ्यात मोलाचा डेटा बहुधा हाच असतो.

ई-वे बिल. राज्याबाहेरून येणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला १ एप्रिल २०१८पासून ई-वे बिल लागतं. त्यात कुठून, कुठे, कोणती गाडी, किती अंतर आणि किती किमतीचा माल हे सगळं असतं, म्हणून माल यायला लागलेला वेळ काढायला ते उपयोगी. पण मर्यादेखालची छोटी बिलं त्यात नसतात. फक्त ई-वे बिलांवरून निष्कर्ष काढला तर मोठे व्यवहारच दिसतील आणि रोजची किरकोळ डिलिव्हरी गायब होईल.

वाहतूक पास. लाकूड हे वनोपज असल्याने त्याच्या वाहतुकीला भारतीय वन कायदा, १९२७ खाली नियम आहेत. बाजारात याला 'टीपी' म्हणतात. केंद्राने २९ डिसेंबर २०२३ला नॅशनल ट्रान्झिट पास सिस्टीम देशभर सुरू केली. त्यात क्यूआर कोड असलेला ऑनलाइन पास मिळतो. पास मिळायला लागणारा वेळ हाही लीड टाइमचाच भाग आहे, तो मोजायला विसरू नका.

मोजमाप. इथे भलेभले गोंधळतात. गोल ओंडक्याचं घनफूट काढायची बाजारातली पारंपरिक पद्धत अशी: गोलाईला ४ने भागा, त्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. ओंडक्याची गोलाई ४ फूट आणि लांबी १० फूट असेल, तर १ × १ × १० म्हणजे १० घनफूट. आता शाळेत शिकलेल्या सिलिंडरच्या सूत्राने काढा, उत्तर १२.७३ घनफूट येतं. म्हणजे तब्बल २७ टक्के जास्त!

यात कोणी कोणाला फसवत नाही. साल आणि कापणीतली घट धरून ही पद्धत पूर्वापार चालत आलीय. पण तुम्ही खरेदी एका पद्धतीने आणि स्टॉक दुसऱ्या पद्धतीने मोजलात, तर रिपोर्टमध्ये न झालेली चोरी किंवा न झालेला नफा दिसायला लागेल. आणि त्याचा संशय वखारीतल्या एखाद्या माणसावर जाईल. म्हणून प्रत्येक कॉलमपुढे एकक आणि मोजायची पद्धत, दोन्ही लिहा.

## गणित: एक उदाहरण सोडवून बघू

समजा एका दुकानात १८ मिमी प्लायवूडच्या रोज सरासरी १२ शीट विकल्या जातात. रोजच्या विक्रीतला चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ४ शीट. ऑर्डर दिल्यापासून माल यायला सरासरी ६ दिवस लागतात. (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.)

प्रश्न १: स्टॉक किती उरला की ऑर्डर द्यायची?

६ दिवसांत सरासरी ७२ शीट जातील. पण विक्री वाढली तर? म्हणून थोडा जास्तीचा साठा, म्हणजे सेफ्टी स्टॉक ठेवायचा. १०० पैकी ९५ वेळा माल संपू नये असं हवं असेल तर:

सेफ्टी स्टॉक = १.६५ × ४ × √६ = साधारण १६ शीट

म्हणजे ७२ + १६ = ८८ शीट उरल्या की ऑर्डर द्या. बहुतेक रिपोर्ट इथेच थांबतात.

प्रश्न २: माल नेहमी सहाव्याच दिवशी येतो का?

नाही ना. कधी चौथ्या दिवशी येतो, कधी नवव्या. समजा या वेळेतला चढउतार २ दिवसांचा आहे. आता सूत्रात तोही धरावा लागतो:

√(६ × ४² + १२² × २²) = √(९६ + ५७६) = √६७२ = साधारण २५.९

सेफ्टी स्टॉक = १.६५ × २५.९ = साधारण ४३ शीट

ऑर्डरची पातळी ८८ वरून ११५ वर गेली. आता वर्गमुळातले दोन आकडे नीट बघा. गिऱ्हाइकांच्या चढउतारामुळे ९६, आणि माल उशिरा-लवकर येण्यामुळे ५७६. म्हणजे खरी अडचण गिऱ्हाइकांची नाहीच, पुरवठादाराची आहे. पुरवठादाराशी बोलून तो चढउतार २ दिवसांवरून १ दिवसावर आणला, तर सेफ्टी स्टॉक ४३ वरून २६ वर येतो. त्या १७ शीट्समध्ये अडकलेला पैसा आणि जागा मोकळी होते.

सेठजींना "आम्ही एआयने मागणीचा अंदाज लावला" असं सांगण्यापेक्षा "माल ठरलेल्या दिवशी आला तर एवढे पैसे सुटतील" हे सांगितलेलं लगेच पटतं.

प्रश्न ३: एका वेळी किती मागवायचं?

यासाठी फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेलं ईओक्यू सूत्र आजही शिकवतात. वर्षाला ३,६०० शीट, एका ऑर्डरचा खर्च ६०० रुपये आणि एक शीट वर्षभर ठेवायचा खर्च १२० रुपये धरला तर:

√(२ × ३,६०० × ६०० ÷ १२०) = साधारण १९० शीट

पण १८ मिमीची आठ बाय चारची एक शीट साधारण ३० ते ३५ किलोची असते. १९० शीट म्हणजे जवळपास ६ टन. छोट्या हत्तीत हे मावणार नाही आणि मोठा ट्रक अर्धा रिकामा येईल. मग भाड्याचा हिशोब धरून १५० किंवा २५० मागवणं जास्त परवडू शकतं. सूत्राचं उत्तर गाडीच्या मापात बसवणं, यालाच इंजिनीअरिंग म्हणायचं.

## एक संकल्पना: बुलव्हिप इफेक्ट

गिऱ्हाइकाची मागणी थोडी हलली की दुकानदार जास्त मागवतो, डिस्ट्रिब्युटर त्याहून जास्त आणि कारखाना आणखी जास्त. चाबकाची मूठ जराशी हलवली की टोक जोरात फिरतं, तसं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला लहान मुलांच्या डायपरच्या ऑर्डर्समध्ये हे दिसलं. बाळांची गरज जवळपास स्थिर, पण वरच्या ऑर्डर्स उड्या मारत होत्या. तुमच्या पेढीची विक्री आणि तिने दिलेल्या ऑर्डर्स एकाच आलेखावर काढून बघा. ऑर्डर्सची रेघ जास्त वरखाली होत असेल, तर तुमच्या रिपोर्टचं एक प्रकरण तयार झालं समजा.

## कोणते टूल्स लागतात?

- गुगल शीट्स: फोनवरच नोंदी करायला. टीममधल्या चौघांनी एकच शीट वापरा.
- एक्सेल सॉल्व्हर: छोट्या ऑप्टिमायझेशनला पुरेसं आहे.
- पायथन आणि गुगल कोलॅब: लॅपटॉप जुना असला तरी ब्राउझरमध्ये चालतं. पांडास डेटासाठी, पल्प लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी.
- गुगल ओआर-टूल्स: डिलिव्हरीचा क्रम लावायला. फुकट आहे. हा प्रश्न डँट्झिग आणि रॅम्सर यांनी १९५९ साली पेट्रोल पोचवणाऱ्या ट्रकसाठी मांडला होता.
- ओपनस्ट्रीटमॅप: रस्त्यांच्या नकाशासाठी.

एक सावधगिरी: मॅपवरचा वेळ साधारण कारचा असतो. लाकूड भरलेली गाडी तेवढ्या वेळात पोचत नाही, शिवाय शहरात जड वाहनांना ठराविक वेळी प्रवेशबंदी असते. चार फेऱ्या ड्रायव्हरभाऊंसोबत बसून करा आणि खरा वेळ नोंदवा.

## डेटा दुसऱ्याचा आहे, हे विसरू नका

पेढीचा खरेदीभाव शेजारच्या दुकानदाराला कळला तर नुकसान खरं होतं. लकडगंजमध्ये तर शेजारी म्हणजेच स्पर्धक. म्हणून काम सुरू करण्याआधी एक पानाचं पत्र करा, साध्या भाषेत. त्यात हे असावं:

- कोणता डेटा, किती महिन्यांचा, कोण बघणार
- रिपोर्टमध्ये पेढीचं नाव येणार की "पेढी अ" असं लिहायचं
- प्रोजेक्ट संपल्यावर डेटा कधी आणि कसा डिलीट करणार
- पेपर छापायचा झाल्यास आधी दाखवणार का
- तुम्ही बनवलेलं ॲप किंवा शीट नंतर कोणाची

गिऱ्हाइकांची नावं आणि मोबाइल नंबर तुमच्याकडे येताच कोडमध्ये बदला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आल्यापासून लोकांची खासगी माहिती सहज हाताळायची गोष्ट राहिलेली नाही. भाव लपवायचे असतील तर सगळ्या रकमांना एकाच गुप्त आकड्याने गुणा. प्रमाण तेच राहतं, खरे भाव दिसत नाहीत. उधारीच्या वहीचा फोटो टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं मात्र कधीही नको.

आणि माणसं. "दोन हमाल कमी केले तर खर्च वाचेल" हे वाक्य लिहायला एक ओळ लागते, पण ती दोन घरांची रोजी आहे. महाराष्ट्रात हमालांसाठी १९६९चा माथाडी कायदा आहे, तो वाचल्याशिवाय मजुरीवर सल्ला देऊ नका. हमालांशी बोला. गाडी रिकामी व्हायला वेळ का लागतो, याचं उत्तर त्यांच्याइतकं कोणाकडेच नसतं. बऱ्याचदा कारण साधं निघतं: आधीचा माल वाटेत पडलेला असतो.

## सहा महिन्यांचं वेळापत्रक

- पहिला महिना: तीन-चार पेढ्यांना भेटा, प्रश्न ठरवा, पत्रावर सही घ्या.
- दुसरा: नुसतं बघा आणि मोजा. मॉडेल अजिबात नको.
- तिसरा: डेटा साफ करा. अंदाजापेक्षा दुप्पट वेळ लागेल.
- चौथा: साधं मॉडेल एक्सेलमध्ये. उत्तर मुनीमजींना दाखवा. ते हसले तर का हसले ते विचारा.
- पाचवा: दोन-तीन आठवडे प्रत्यक्ष वापरून बघा. आधीचे आणि नंतरचे आकडे तुलना करा.
- सहावा: रिपोर्ट. कॉलेजसाठी पूर्ण आणि पेढीसाठी दोन पानांचा, त्यांना वाचता येईल अशा भाषेत.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रेडीमेड प्रोजेक्ट विकत घेतला तर?
कोड मिळेल, पण "हा लीड टाइम सहा दिवस कुठून आला?" या एका प्रश्नावर व्हायवा संपेल. मास्टर्स आणि पीएचडीच्या थिसिसला तर यूजीसीचे २०१८चे प्लेजरिझमचे नियम लागू आहेत.

कंपनी फक्त डेटा एन्ट्री करून घेत असेल तर?
गाइडला लगेच सांगा. दुसऱ्या महिन्याच्या शेवटीही तुमच्या प्रश्नावर काम सुरू झालं नसेल, तर पेढी बदललेली बरी.

उत्तर "काही फरक पडला नाही" असं आलं तर?
तसंच लिहा. खरे आकडे आणि ते कसे मोजले हे असेल, तर तो पूर्ण प्रोजेक्ट आहे. आकडे ओढूनताणून चांगले दाखवले आणि सेठजींनी त्यावर विश्वास ठेवून जास्तीचा माल भरला, तर पडून राहणारं लाकूड त्यांचं असतं, तुमचं नाही.

कोडिंग येत नाही, तरी जमेल का?
हो. वरचं सगळं गणित फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. मोजायला जायची तयारी पाहिजे.